वीसपैकी अठरा

मारिसोलला वीसपैकी अठरा मिळाले आणि नाओमीचं तोंड उतरलं.

लेकराला चांगले मार्क पडले म्हणून हळहळणारी बाई ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या टूवूंबात ती एकटीच असावी. पण मुलांना बोलायला-समजायला शिकवणं हा तिचा धंदा होता आणि या अठरावर तिचा विश्वास नव्हता.

मारिसोल सात वर्षांची, कोलंबियाहून आलेली. वर्गात बाईंनी काही सांगितलं की आधी शेजारच्यांकडे बघायची, मग करायची. शाळा म्हणाली, "नो वरीज, इंग्लिश नवीन आहे, येईल." असं म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. म्हणून नाओमीनं तिला तिच्याच स्पॅनिशमध्ये किती समजतं ते तपासायला घेतलं. घरच्या भाषेतही अडत असेल तर दुखणं इंग्लिशचं नाही, मुळातलं आहे, आणि मग शाळेत रोज मदत मिळते. अडत नसेल तर मिळत नाही. अठरा म्हणजे अडत नाही.

नाओमीला स्पॅनिश येत नव्हतं. वसईत वाढताना कधी गरज पडली नव्हती. म्हणून दुभाषी होती पिलार, सत्तरीची, पूर्वी लोकांचे केस कापायची. ती वाक्य वाचायची आणि मारिसोल चारातल्या एका चित्रावर बोट ठेवायची.

"हुशार आहे गं पोर," पिलार म्हणाली. "तुम्ही डॉक्टर लोक उगाच काहीतरी खुसपट काढता."

"मी डॉक्टर नाही."

"बघ. तेही नाही."

आई, रोसाल्बा, खुर्चीत ताठ बसली होती. घरी पोरीला सगळं समजतं, असं तिनं पिलारकरवी तिसऱ्यांदा कळवलं.

नाओमीला जर्ट्रूड मावशी आठवली. चर्चमध्ये फर्स्ट कम्युनियनच्या आधी फादर तोंडी परीक्षा घ्यायचे, तेव्हा मावशी बरोब्बर त्यांच्या पाठीमागे उभी. उत्तर 'हो' असेल तर पदर सावरायची, 'नाही' असेल तर खोकायची. नाओमी पहिली आली. फादरांनी तिला संतांचं चित्र दिलं आणि मावशीला खोकल्याचं औषध.

"पिलारबाई, दुसरी वीस वाक्यं घेऊ. यावेळी तुम्ही दोघी तिच्या मागे बसा."

"का? माझं तोंड इतकं वाईट आहे?"

"चांगलं आहे. म्हणूनच."

खुर्च्या मागे गेल्या. आजी ज्या मुलाला ढकलते आहे तो दाखव, असं पहिलंच वाक्य. मारिसोल गर्रकन मागे वळली. पिलारनं घाईघाईनं छताकडे पाहिलं, जणू तिथं कॅलेंडर टांगलंय. मारिसोलनं एका चित्रावर बोट ठेवलं. त्यात मुलगाच आजीला ढकलत होता.

वीसपैकी सहा.

"मी आधी तिला काही सांगितलं नाही हं," पिलार म्हणाली. "देवाशपथ."

"नाहीच सांगितलंत. वाक्य वाचून तुम्ही बरोबर चित्राकडे बघत होता. कोणीही बघतं. ती तुमचे डोळे वाचत होती."

हे ऐकून रोसाल्बा बरंच बोलली. हातही चालले.

"ती म्हणते, नाही," पिलारनं सांगितलं.

"एवढंच?"

"बाकीचं तुझ्याबद्दल आहे."

शाळेतल्या मदतीचा फॉर्म टेबलावर होता. आईच्या सहीशिवाय तो नुसता कागद. नाओमीनं तो पुढे सरकवला नाही. "तुम्हीच सांगा तिला काहीतरी," ती म्हणाली. "घरातलंच. फक्त तिच्याकडे पाठ करून."

रोसाल्बानं तावातावानं खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि सांगितलं. पिलार नाओमीच्या कानात कुजबुजली, "खिडकी लाव, पण आधी माझी पर्स आण."

खिडकी समोर होती, पर्स दाराशी. मारिसोल दोन्हीकडे गेली नाही. ती खुर्चीला वळसा घालून भिंत आणि आईच्या गुडघ्यांमधल्या फटीत अंग चोरून शिरली, आईच्या समोर उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबली. अजिबात घाई न करता. रोजचीच सवय असल्यासारखी.

रोसाल्बानं चेहरा दगडासारखा करून पाहिला. चार सेकंद जमलं. मग डोळे आपोआप पर्सकडे गेले आणि मारिसोल धावत जाऊन पर्स घेऊन आली. खूश.

रोसाल्बानं पर्स मांडीवर घेतली. बराच वेळ तिची चेन लावत राहिली. चेन लागलेलीच होती. मग हळूच काहीतरी बोलली.

पिलारनं आधी नाक शिंकरलं. "ती विचारते, सही कुठे करायची. आणि पुढच्या वेळी मंगळवार जमेल का? गुरुवारी नवऱ्याची शिफ्ट असते, गाडी एकच आहे."

"मंगळवार चालेल," नाओमी म्हणाली आणि पेन शोधू लागली.