दोन किलो आठशे

नागोराव ढगे मूळचे पुसदकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात आले आणि धायरीत हिंमतराव शेठच्या प्लेटिंगच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून जे चिकटले ते चिकटलेच. पितळेच्या सुट्या भागांवर चांदीचा मुलामा चढवायचं तिथलं काम, आणि त्याला सोडियम सायनाइड लागतं. चिमूटभर पोटात गेलं तर माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचेलच असं नाही. असं विष तीस-तीस किलो सांभाळायचं म्हणजे खेळ नव्हे, आणि नागोरावांनी त्याचा खेळ कधी होऊ दिला नव्हता. विषाचं लोखंडी कपाट कोरड्या खोलीत, ॲसिडचे कॅन कारखान्याच्या थेट दुसऱ्या टोकाला, कारण या दोघांची गाठ पडली तर जो वायू सुटतो तो शेठ आणि हमाल असा भेद करत नाही. खोलीत नळ नाही, जेवणाचा डबा नाही, तंबाखू नाही. मोबाइल तर गेटवरच जमा.

कपाटाला दोन कुलपं होती. वरच्यावर पांढऱ्या रंगात १ लिहिलेलं, खालच्यावर २. एक नंबरची किल्ली नागोरावांकडे, दोन नंबरची वेणूबाईंकडे. वेणूबाई टाक्यांच्या विभागाच्या सुपरवायझर, त्याही पुसदच्याच. रोज सकाळी साडेआठला दोघांनी हातमोजे, मास्क, चष्मा चढवून समोरासमोर उभं राहायचं, दोन्ही कुलपं उघडायची, नागोरावांनी काट्यावरचं वजन मोठ्याने वाचायचं, वेणूबाईंनी तेच मोठ्याने परत म्हणून वहीत लिहायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. अशी अकरा वर्षं गेली. माणूस पारखायला याहून आणखी काय लागतं? नागोरावांची दीपमाला वेणूबाईंच्या संतोषला दिली तेव्हा कारखान्यात कुणालाच नवल वाटलं नाही.

घोळ झाला तो मांडवात. पाहुण्यांची ओळख करून द्यायला कुणीतरी नागोरावांच्या हातात माइक दिला. त्यांनी जन्मात माइक धरला नव्हता. विहीणबाईंच्या हातात केवढी जबाबदारी आहे हे त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, की या आमच्या विहीणबाई, आमच्या कारखान्यातलं दोन नंबरचं सगळं काम याच बघतात. अख्खा मांडव हसला. वेणूबाई व्यासपीठावरून उतरल्या आणि पंगतीला न बसता सरळ जानवशाला निघून गेल्या.

त्यानंतर चौदा महिने दोघांमध्ये वजनाच्या आकड्यांशिवाय शब्द झाला नाही. वेणूबाई म्हणायच्या फक्त "दोनशे चाळीस", आणि त्यातही असा ठसका असायचा की नागोरावांना उरलेला दिवस जड जायचा. कपाटावरच्या पाटीत सातवा नियम होता, कपाटाजवळ कामाव्यतिरिक्त बोलू नये. नागोराव मनात म्हणायचे, आपण तर नियम पाळतोय.

दीपमाला पहिल्या बाळंतपणाला धायरीलाच माहेरी आली होती. जून महिन्यातल्या एका सकाळी नागोराव गेटवर मोबाइल जमा करायच्या बेतात असताना बायकोचा, मुक्ताईचा, फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप, वजन दोन किलो आठशे. संतोष आईला फोन करत असणार, पण वेणूबाई सातलाच कामावर आल्या होत्या आणि त्यांचा मोबाइल गेटवरच्या खणात थरथरत पडला होता. म्हणजे आजीला आजी झाल्याचं सांगणारं माणूस कारखान्यात एकच होतं.

साडेआठला कपाट उघडलं. काट्यावर दोनशे चाळीस ग्रॅम भरलं. नागोरावांनी काट्याकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "दोन किलो आठशे."

"दोन किलो आठशे," वेणूबाई म्हणाल्या आणि अकरा वर्षांच्या सवयीने लिहूनही मोकळ्या झाल्या. मग त्यांनी काटा पाहिला. मग नागोरावांकडे पाहिलं. नागोरावांनी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि वहीच्या शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सुखरूप. वेणूबाईंच्या चष्म्याच्या काचा आतून धूसर झाल्या. तरी विष परत नीट मोजून, खालच्या ओळीत दोनशे चाळीस लिहून, सह्या करून, कपाट बंद झाल्यावरच त्या गेटकडे धावल्या. वरची ओळ तशीच राहिली, कारण त्या वहीत खाडाखोड करायला सक्त मनाई होती.

सप्टेंबरात एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीने आपली ऑडिटर पाठवली. सरोजिनीबाई, कोथरूडच्या. त्यांनी ॲसिड आणि कपाटातलं अंतर टेपने मोजलं, पंखा चालतो का पाहिलं, विषावरच्या उताऱ्याच्या पेटीवरची तारीख वाचली. सेफ्टी ऑफिसर मैत्री, खडकीहून येणारी सव्वीस वर्षांची मुलगी, वही घेऊन मागे मागे फिरत होती. शेवटी सरोजिनीबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळंच बरोबर आहे. म्हणून मला शंका येतेय."

आणि त्या बेरीज करायला बसल्या. बेरीज केली, साठा मोजून घेतला, पुन्हा बेरीज केली. वहीप्रमाणे उरायला हवं होतं त्यापेक्षा कपाटात दोन किलो आठशे ग्रॅम विष जास्त होतं. त्यांनी हिंमतराव शेठ, मैत्री आणि नागोरावांना समोर बसवलं. वेणूबाई टाक्यांवर होत्या. सरोजिनीबाईंनी जूनमधली ती ओळ दाखवली. कमी भरलं तर चोरी समजते, त्या म्हणाल्या, जास्त भरलं तर काय समजायचं? हे बाहेर काढलं आणि परत आणून ठेवलं का?

ऑडिटरला विचारलं तेवढंच आणि खरं तेच सांगायचं, असं मैत्रीनेच सगळ्यांना बजावलं होतं. नागोरावांनी सांगितलं की परत नाही आणलं.

"मग आत्ता ते कुठे आहे?"

"घरी."

हिंमतराव शेठ खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"कोणाच्या घरी?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"माझ्या. मिसेस बघतात."

सरोजिनीबाईंनी अतिशय सावकाश पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की नंतर कधी मोजलंय का.

"परवाच," नागोराव म्हणाले. "साडेपाच किलो भरलं."

मैत्रीचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण विष कशात साठवलंय हे आधी विचारायचं, असं तिचं शिक्षण होतं. तिने हळूच विचारलं, "नागोरावकाका, ते घरी ठेवलंय कशात?"

"पाळण्यात," नागोराव म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास गेला. सरोजिनीबाईंनी पाणी मागवलं, पण नागोरावांसाठी. मग म्हणाल्या, "नात आहे हे मला पटलं. आता ते वहीलाही पटायला हवं." दवाखान्याचं कार्ड आणायला नागोरावांना घरी पिटाळलं. त्यावर जन्मवेळचं वजन २.८ किलो होतं. कार्डाची प्रत विषाच्या वहीला टाचली गेली, तिच्यावर हिंमतराव शेठची सही आणि शिक्का पडला. बेरीज जुळली. तरीही अहवालात एक गंभीर त्रुटी लागलीच, विषाच्या नोंदवहीत विष नसलेल्या व्यक्तीची नोंद. पंधरा दिवसांत मूळ कारण शोधून उपाय कळवा.

मूळ कारण शोधायची मैत्रीची पद्धत म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं. दुसऱ्याच दिवशी तिने फळा मांडून चौघांची बैठक घेतली. नातीची नोंद वहीत का झाली? दुसऱ्या मार्गाने कळवता येत नव्हतं. का येत नव्हतं? दोघं बोलत नाहीत. का बोलत नाहीत? वेणूबाईंनी फळ्याला उद्देशून सांगितलं की यांनी भर मांडवात मला दोन नंबरची म्हटलं. का म्हटलं? कुलपावर तसा आकडा आहे. आणि कुलपावर आकडा का आहे? आता सगळे हिंमतराव शेठकडे बघायला लागले. शेठना आठवलं, पेंटर सोनबाने विचारलं होतं, आकडे टाकू का, आणि आपण फोनवर बोलता बोलता हात हलवला होता. फॉर्ममध्ये 'मूळ कारण' या रकान्यात शेठचं नाव लिहिलं गेलं, आणि जबाबदार व्यक्ती म्हणून खाली सहीसुद्धा त्यांनाच करावी लागली.

आकडे खरवडून काढले. कुलपं वर-खाली होती ती शेजारी शेजारी घ्यायची ठरली. भोकं पाडताना ठिणग्या उडणार, म्हणून आधी सगळं विष दुसऱ्या कपाटात हलवलं, आणि त्या दुसऱ्या कपाटाला पुन्हा दोन कुलपं लागली. त्यांवर काहीही लिहायचं नाही अशी नोटीस मैत्रीने आधीच चिकटवली.

सरोजिनीबाईंना एवढं पुरेसं वाटलं नाही. त्यांनी उत्तर पाठवलं, की आकडे हा किरकोळ भाग झाला, खरा धोका वेगळाच आहे. उद्या एकाचा हातमोजा फाटलेला दुसऱ्याला दिसला, तर तो सांगणार कसा? वजनाच्या आकड्यात? म्हणून दोन्ही किल्लीधारकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं तांत्रिक नसलेल्या विषयावर संभाषण करावं, सेफ्टी ऑफिसरने समक्ष हजर राहून विषय आणि कालावधी नोंदवावा. नागोरावांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की विष बरं.

पहिल्या दिवशी मैत्रीच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तीन मिनिटं मैत्री फॉर्मवर नुसती तारीख गिरवत होती. मग वेणूबाई म्हणाल्या, "लोक हसले त्याचं मला काही नाही. तुम्हीपण हसले."

नागोरावांना तो क्षण आठवला. आपण हसलो हे खरंच होतं.

"भेवानं हसलो, विहीणबाई," ते म्हणाले. "हातात माइक होता."

"मग एवढं सांगायला चौदा महिने काहून लागले?"

नागोरावांनी पाटीवरचा सातवा नियम पुढे केला, कपाटाजवळ बोलायला मनाई आहे. वेणूबाईंनी विचारलं, की कपाट काय गेटच्या चहावाल्यापर्यंत पसरलंय का. नागोराव म्हणाले, चुकलं माझं. ते इतक्या हळू म्हणाले की मैत्रीला ऐकू आलं नाही, पण वेणूबाईंना आलं असावं, कारण त्यांनी पदर सारखा केला आणि एकदम मुद्द्याला हात घातला. दसऱ्याला सून आणि नात वारज्याला घरी आणायची.

हे कधीतरी होणार हे नागोरावांना माहीत होतं, पण भांडण होतं तोवर कुणी तारीख काढत नव्हतं. ते म्हणाले दिवाळी होऊ द्या. वेणूबाई म्हणाल्या, म्हणजे पोर चालत येईल. नागोराव म्हणाले, दीपमालेचा अशक्तपणा अजून गेला नाही. वेणूबाईंनी विचारलं, मग आमच्याकडे काय उपाशी ठेवतात? मैत्रीने पाच मिनिटं झाल्याचं सांगितलं. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. टाक्यांवरचा माणूस दोनदा दारात येऊन गेला. चाळिसाव्या मिनिटाला कोजागिरीचा दिवस ठरला, आणि मैत्रीने विषयाच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, ताबा हस्तांतरण.

कोजागिरीला सकाळी वेणूबाई स्वतः रिक्षा घेऊन आल्या. मुक्ताईने डिंकाचे लाडू, दुपटी, लंगोटांचं बोचकं असं एकेक आत कोंबलं. दीपमाला बसली, बाळाला घेऊन वेणूबाई बसल्या, आणि बाळाच्या आंघोळीचा गुलाबी टब तेवढा बाहेर राहिला. नागोराव तो धरून रस्त्यात उभे होते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

वेणूबाईंनी बाहेर डोकं काढून व्याह्यांना हाक मारली. "इवाई, उभे काय राहिले? पुढं बसा. टब कोण धरणार?"

नागोराव रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर बसले, टब मांडीवर. वारज्याला उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बनियनवरच आहोत. संतोषने आपला शर्ट दिला, तो पोटावर लागत नव्हता. तसेच बसून ते चहा प्याले, मग जेवले, आणि दुपारी बाळ झोपून उठल्यावरच घरी जायला निघाले.