डबीतली चौतीस वर्षे

मित्रांनो, लोक कॅमेऱ्याचे नाव विचारतात, किंमत विचारतात, आणि फोटो चांगला आला की कॅमेऱ्याचीच पाठ थोपटतात. पण बघायचे काम कॅमेरा करत नाही. ते आम्ही करतो. मी एक जुनी लेन्स आहे, पन्नास मिलिमीटरची, तुमच्या मुठीत मावेन एवढी. मला जवळचे-लांबचे करता येत नाही. समोरचा माणूस मोठा दिसायला हवा असेल, तर फोटो काढणाऱ्याने दोन पावले पुढे जावे, असा माझा साधा हिशोब आहे.

माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. काचा घासणाऱ्या बायकांनी मला इतके घासले, इतके पुसले, की मला वाटले आपल्याला आता जगभर मिरवणार. प्रत्यक्षात मी दोन वर्षे दुकानाच्या फळीवर धूळ खात बसले. मग एके दिवशी तोआन आला. तो मूळचा व्हिएतनामचा, जर्मनीतल्या एका सूतगिरणीत कामाला होता. चार वर्षांची मजुरी संपवून गावी परतताना बाकीच्या कामगारांनी सायकली घेतल्या, शिवणयंत्रे घेतली. तोआनने कॅमेऱ्यासकट मला घेतले. त्याचे सोबती त्याला म्हणाले, "अरे वेड्या, सायकलवर बसता तरी येतं!"

व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह शहराजवळच्या त्याच्या गावात घरोघरी रेशमाचे माग होते. तोआनचे लग्न त्याच वर्षी झाले. बायको लुआ मागावर बसायची आणि तोआन मला गळ्यात अडकवून उसन्या सायकलवर गावोगाव फिरायचा. आमचे मुख्य काम म्हणजे देव्हाऱ्यावरचे फोटो. आमच्याकडे साठी ओलांडली की माणूस जिवंतपणीच आपला फोटो काढून ठेवतो. तो गेल्यावर घरचे लोक तो पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर ठेवतात, समोर उदबत्ती लावतात. त्या फोटोचे नियम कडक असतात. चेहरा समोर हवा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि चौकटीत एकच माणूस हवा. नवरा-बायको साठ वर्षे एका ताटात जेवलेले असले, तरी तिथे त्यांना वेगवेगळे बसावे लागते.

तीन वर्षांत मी सगळा तालुका पाहिला. जुन्या रीतीप्रमाणे दात काळे रंगवलेल्या आज्या पाहिल्या, ठेवणीतले कपडे घालून ताठ बसलेले म्हातारे पाहिले. तोआन त्यांना हसवायचा. "आजी, इतकं घाबरू नका, अजून कुणी बोलावलेलं नाही!" आजी हसू दाबायची आणि नेमक्या त्याच क्षणी तो बटण दाबायचा. लोक म्हणायचे, तोआनच्या फोटोत माणूस जिवंत दिसतो. ते ऐकून मला फार बरे वाटे. खरे सांगते, मी थोडी चढूनच गेले होते.

पण एक माणूस मला कधी समोरून दिसले नाही. ती म्हणजे लुआ. तिचा आवाज मी रोज ऐकायचे. तिचा फोटो मात्र कधी निघाला नाही. रीळ महाग होते आणि गिऱ्हाइकाच्या पैशाचे होते. तोआन म्हणायचा, "तू काय, घरचीच आहेस. रिळात उरला की तुझा काढू." रिळात कधी उरायचाच नाही. एकदा मात्र खरोखरच एक फोटो उरला. तोआनने अंगणात स्टूल मांडले आणि लुआला हाक मारली. ती पदर... चुकले मी, पदर नव्हे, बाह्या सावरत आली. पदर हा तुमच्याकडचा शब्द, तुमच्याशी बोलता बोलता जिभेवर आला. ती आली आणि हट्टाला पेटली.

"आधी तुझा. मला दाबून बघायचंय."

"अगं, एकच उरलाय!"

"मग काय झालं? पुढच्या रिळात माझा."

तोआन हसत स्टुलावर बसला. लुआ कॅमेरा धरून उभी राहिली, म्हणजे माझ्या पाठीमागे. तिचा श्वास मला जाणवत होता. समोर तीस वर्षांचा तोआन होता, उन्हाने डोळे बारीक केलेला, दोन्ही कान दिसत असलेला. मी त्याला इतके स्वच्छ पाहिले की भुवईतला एकेक केस मोजता आला असता. लुआने बटण दाबले आणि रीळ संपले.

पुढचे रीळ यायच्या आत तोआनला कावीळ झाली. तीन आठवड्यांत तो गेला. देव्हाऱ्यावर लावायला त्याचा तेवढा एकच फोटो होता. मुलगी थोआ तेव्हा दोन वर्षांची होती आणि लुआ तिशीची.

लुआने कॅमेरा विकला, कारण घरात तांदूळ हवा होता. मला मात्र विकले नाही. तिने मला मखमलीत गुंडाळले, चामड्याच्या डबीत घातले आणि कपाटात गोधड्यांच्या खाली ठेवले. कुणी मागितले तर ती म्हणायची, "त्याचा डोळा आहे तो. जपून ठेवलाय." तिच्या मायेबद्दल मी एक अक्षरही वाईट बोलणार नाही. पण मित्रांनो, डबीत अंधार होता. वर्षातून एकदा, तोआनच्या श्राद्धाच्या दिवशी, ती मला बाहेर काढायची, वरून पुसायची आणि भात, उकडलेली कोंबडी, दारूचा पेला यांच्या शेजारी, तोंड त्याच्या फोटोकडे करून ठेवायची. तेवढा एक दिवस मला उजेड मिळे, पण समोर तोआनच असे, लुआ पाठीमागे. संध्याकाळी पुन्हा मखमल, पुन्हा डबी.

आमच्याकडे नववर्षाचा टेट सण सरला की हवेत इतका ओलावा येतो की भिंतींना घाम फुटतो आणि फरशीवर पाय घसरतो. चामडे तो ओलावा पिऊन घेते. पहिल्याच काही वर्षांत माझ्या आतल्या काचेच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग त्याला पाय फुटले. मला बुरशी लागली होती. मी ओरडू शकत नव्हते. बाहेर मागाचा खटखट आवाज यायचा, थोआ मोठी होत होती, शाळेत जात होती, शर्टांच्या कारखान्यात लागली, तिचे लग्न झाले, मोडले. हे सगळे मी गोधड्यांखालून ऐकले. कुणी माझ्याशी बोलावे असे मला फार वाटायचे. एकटेपण काय असते, ते मला विचारा.

लुआ चौसष्टची झाली. तिच्या वयाच्या सगळ्या बायकांनी देव्हाऱ्याचे फोटो काढून ठेवले होते. शेजारची मुई तर आपला फोटो चौकटीसकट घेऊन मिरवायला आली.

"बघ लुआ, माझी तयारी झाली. गाल कसे भरलेत! फोटोवाल्याने दोन दातसुद्धा फुकट बसवून दिले."

"छान आहेस गं. तिकडे नवऱ्याने ओळखलं म्हणजे मिळवली."

"तू कधी काढतेस?"

"मी नाही काढणार. तो बघ तिथे तीस वर्षांचा बसलाय. त्याच्या शेजारी माझं हे तोंड लावलं, तर येणारा-जाणारा विचारेल, ही याची आई का?"

मुई खो खो हसली. लुआही हसली. पण नंतर तिची पावले कपाटाजवळ येऊन थांबलेली मी ऐकली.

मग तिच्या हृदयाचे दुखणे निघाले. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात ऑपरेशन सांगितले. थोआ घाबरली. आईचे काही बरेवाईट झाले तर देव्हाऱ्यावर ओळखपत्रावरचा तो भुतासारखा फोटो मोठा करून लावावा लागेल, हे तिला सहन होईना. ती रोज आईच्या मागे लागली. शेवटी लुआ म्हणाली, "बसते. पण ज्या डोळ्याने त्याला बघितलं, त्याच डोळ्यासमोर बसेन."

थोआचे मनगट कारखान्यात कामातून गेले होते, म्हणून तिने नोकरी सोडून फोटो काढायचे ठरवले होते. साठवलेल्या पैशात तिने एक सेकंडहँड मिररलेस डिजिटल कॅमेरा घेतला होता, पण लेन्सविना. आता तो कॅमेरा आणि मला एका पिशवीत घालून ती नाम दिन्हला थिनकाकांच्या दुकानात गेली. दुरुस्ती आणि विक्री दोन्ही करणारा हा म्हातारा तोंडाने भारी फटकळ होता. थोआने आधी काचेआडच्या एका लांबलचक झूम लेन्सकडे बोट दाखवले.

"काय काढणार तू?" काकांनी विचारले.

"माणसं. एका वेळी एक. देव्हाऱ्याचे फोटो."

"मग झूम कशाला? समोरची आजी काय पळून जाणारे? पोरी, आधी काय काढायचं ते ठरवावं, मग लेन्स. लोक उलटं करतात आणि मग विकायला माझ्याकडेच येतात."

"आणि ती, आपोआप फोकस होणारी?"

"झकास आहे. तुझे सगळे पैसे तिच्यात जातील."

तेव्हा थोआने मला बाहेर काढले. काकांनी माझ्या आत विजेरीचा झोत टाकला. चौतीस वर्षांत इतका उजेड माझ्या आत प्रथमच आला.

"कुठे ठेवली होती?"

"आईने जपून ठेवली होती. मखमलीत, चामड्याच्या डबीत, कपाटात. तिला हिच्यासमोरच बसायचंय."

"म्हणजे बुरशीचं माहेरच की!" ते म्हणाले. मग थोआचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "आत जाळं झालंय, पोरी. मी उघडून साफ करतो. पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर धुकं राहणार. रोज वापरली असती, उजेडात ठेवली असती, तर हिला काही झालं नसतं."

त्यांनी मला खोलले, काचा वेगळ्या केल्या, पुसल्या. जाळे गेले. धुके राहिले. काकांनी मला नव्या कॅमेऱ्यावर बसवायची एक कडी दिली आणि शेजारी एक स्वस्त, कोरी, हाताने फिरवायची चिनी लेन्स ठेवली. "कडी आणि ही, दोन्ही तुझ्या पैशात बसतात. आईची हौस या म्हातारीवर भागव. धंदा हिच्यावर कर." म्हातारी म्हणजे मी. मला राग आला, पण त्यांचे म्हणणे चूक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर स्टूल मांडले. लुआने जांभळा मखमली आओ झाय, म्हणजे आमच्याकडचा सणासुदीचा लांब झगा घातला, केस कानांमागे घेतले आणि बसली. थोआने मला कडीवर चढवले. नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर, जे स्पष्ट असेल त्याच्या कडेला लाल रेघ उमटते. थोआ माझे फोकसचे वळे फिरवत होती आणि मी जीव तोडून बघत होते. किती वर्षे मी या चेहऱ्याची वाट पाहिली होती! ओठांची ठेवण कशी असेल, हसताना गालाला काय होत असेल, याचा अंधारात विचार केला होता. लाल रेघ उमटली, थोआने बटण दाबले. मला लुआ दिसली. पण सगळा चेहरा वाफेमागे असल्यासारखा होता.

मग थोआने मला टेबलावर ठेवले आणि चिनी लेन्सने एक फोटो काढला, हाताशी असावा म्हणून. दोघी पडद्यावर वाकल्या. आधी माझा फोटो आला. त्यात सुरकुत्या विरून गेल्या होत्या, गाल मऊ झाले होते.

"अगं बाई! ही कोण?" लुआ म्हणाली.

"तूच, आई! पंचेचाळीसची दिसतेस. बाबांच्या शेजारी काय शोभेल बघ. हाच लावू."

लुआने पडद्यावरून हळूच बोट फिरवले. तिला तो फोटो आवडला होता, हे मला त्या बोटावरूनच कळले. माझा तर आनंद मावेना. ज्या धुक्याची लाज वाटत होती तेच कामी आले, असे मला वाटले.

"दुसरा दाखव," ती म्हणाली.

दुसऱ्या फोटोत सगळे होते. कपाळावरच्या आठ्या, मागाच्या धोट्याने हनुवटीवर उठवलेला व्रण, डोळ्यांखालचे काळे, एका बाजूला किंचित ओघळलेला ओठ. लुआने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा लाव."

"आई, असं काय करतेस? तूच म्हणायचीस ना, त्याची आई दिसेन म्हणून?"

"म्हणायचे. पण तिकडे गेल्यावर तो विचारणार, मी गेल्यावर तू काय काय केलंस? मग काय सांगू? एकटीने माग चालवला, तुला वाढवलं, तुझं लग्न लावलं, मोडल्यावर तुला घरी आणलं. ते सगळं ह्या तोंडावर लिहिलंय. त्या पहिल्यात ते पुसलंय. म्हातारी म्हणून ओळखू दे. पण मला ओळखू दे."

थोआ रडायला लागली. लुआ तिला ओरडली, "आता रडून कॅमेरा ओला करू नकोस. त्यालाही बुरशी लागेल!"

ऑपरेशन चांगले झाले. लुआ घरी आली, आणि आता सकाळी तासभर मागावर बसते. तिचा फोटो चौकटीत बसवून तयार आहे. तो चिनी लेन्सचा आहे. थोआकडे आसपासच्या गावांतून बोलावणी येतात आणि ती चिनी लेन्स घेऊन जाते. मला तिने खिडकीत, उजेडात ठेवले आहे. लग्न ठरलेल्या मुली कधी कधी माझ्याकडून फोटो काढून घेतात. त्यांना माझे धुके फार आवडते. त्या म्हणतात, किती स्वप्नासारखे! मी त्यांचे कौतुक ऐकून घेते.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, फार प्रेमाने कपाटात ठेवलेली. तिला बाहेर काढा. तिच्यावर ओरखडे पडू द्या, तिला हात लागू द्या. प्रेम आहे म्हणून तिला अंधारात ठेवू नका. मला कुणी टाकून दिले नव्हते. मला जपले होते, आणि त्यातच माझी दृष्टी गेली. आणि फोटो काढायचा असेल, तर घरच्या माणसाचा आधी काढा. रिळात उरेल म्हणून थांबू नका.

लुआ रोज माझ्यासमोरून ये-जा करते. खिडकीशी थांबते, मला पदराने नव्हे, बाहीने पुसते आणि मागावर जाऊन बसते. मी डोळे ताणून बघते. ती हसते आहे की नाही, तेवढे मात्र मला नीट दिसत नाही.