त्रेपन्न आणि एक

उर्वी मॅडम पीएचडी करत होत्या. त्यासाठी त्यांनी कल्याणच्या कॉलेजात टीवायच्या वर्गाला फॉर्म वाटले: फाशीची शिक्षा असावी की नसावी? नाव लिहायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या सहज बोलून गेल्या, "चोपन्नपैकी त्रेपन्न जणांना फाशी हवीय. एकालाच नको."

मॅडम वर्गाबाहेर पडल्या आणि धनेश बाकावर चढला. "कोण रे तो साधू?"

पुढच्या बाकावर मृणालने वहीत डोकं घातलं. 'नसावी'वर खूण तिनेच केलेली. करताना डोळ्यांपुढे पंढरीकाका आलेले. कल्याणजवळच्या मोहन्यात तिच्याच चाळीत राहणारे. सात वर्षं त्यांनी तिला रिक्षातून शाळेत सोडलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी बायकोचा गळा दाबला. आता ते तुरुंगात होते. त्यांचा मुलगा प्रितम याच वर्गात, शेवटच्या बाकावर.

वर्गाला एवढंच ठाऊक होतं की प्रितमचा बाप खुनाच्या केसमध्ये आत आहे. तेवढं पुरलं.

"बापासाठी सेटिंग लावतो काय रे?" म्हणत धनेशने त्याची बॅग खिडकीतून खाली भिरकावली. कृतिकाने ओढणी काढून दिली, कुणीतरी तिचा फास करून प्रितमच्या गळ्यात टाकला. मोबाइल वर झाले.

"अगं, काढ ना तूपण," कृतिका म्हणाली.

मृणालने मोबाइल काढला. तोंड उघडलं तर तो फास आपल्याकडे येईल, एवढंच तिला दिसत होतं.

प्रितमने फास सोडवला नाही. "मी 'असावी' लिहिलंय," तो म्हणाला. "माझ्या आईला मारलं त्याने. मला तो लटकलेला बघायचाय."

दोन-तीन मोबाइल खाली आले. मग धनेश म्हणाला, "च्यायला, हा तर बापालाच लटकवतोय!" आणि वर्ग खो खो हसला.

त्यानंतर प्रितम कॉलेजला आला नाही. आई गेल्यापासून तो दुपारी मृणालकडेच जेवायचा. रविवारी तिच्या आईने त्याला वरणभात वाढला आणि ती पापड भाजायला आत गेली.

"तो एक कोण होता गं? कळलं?" त्याने विचारलं.

"नाही रे," मृणाल म्हणाली.

"ज्याने लिहिलं ना, त्याच्या आईचा गळा कुणीतरी दाबायला पाहिजे. मग कळेल त्याला."

मृणालने मान हलवली, होकारार्थी. आईने पापड आणून त्याच्या ताटात ठेवला.