बन्सीलाल आबांच्या घरचा गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक साधा डबा आहे. माझं झाकण आता सैल झालंय आणि अंगावरची चिठ्ठी निघून गेलीय. आज माझ्या पोटात तीळ असतात, पण एके काळी कॅल्शियमच्या गोळ्या होत्या.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो डबे एका रांगेत भरले गेले. खोक्यात बसून मी अमळनेरच्या एका औषधाच्या दुकानात आलो आणि तिथून बन्सीलाल आबांच्या घरी. आबांनी उमेदीची वर्षं तेलाच्या गिरणीत डबे उचलण्यात घालवली होती. म्हातारपणी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "आबा, मणक्यातला गॅप या गोळ्यांनी भरणार नाही. पण हाडं विरळ झालीत, त्यांना आधार मिळेल. सोबत चालणं आणि सकाळचं ऊन हवंच."

जळगावला नोकरी करणारी त्यांची लेक प्रज्ञा रोज फोन करायची. "बाबा, गोळी घेतली का?" मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

घरात आणखी एक कंबर होती, आबांच्या बायकोची. द्रौपदाबाईंची. त्या जमिनीवरून उठताना दाराची चौकट धरायच्या, पाण्याचा हंडा उचलताना क्षणभर डोळे मिटायच्या. पण कुणी विचारत नव्हतं आणि त्या सांगत नव्हत्या. आबांनी मात्र ते पाहिलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी आपली गोळी बायकोच्या हातावर ठेवली.

"तू बी खाय एक गोयी."

"माले काय व्हयनं? मी बरी शे."

"तुन्ही कंबर दुखस, माले दिखस. खाय. प्रज्ञाले सांगू नको."

त्या लाजल्यासारख्या हसल्या आणि पाण्याचा घोट घेतला. तेव्हापासून सकाळची गोळी आबांची, संध्याकाळची द्रौपदाबाईंची. मित्रांनो, इतक्या मायेनं दिलेली गोळी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी भाकरी थापता थापता द्रौपदाबाई कुशीवर हात दाबून खाली बसल्या. ओकारी आली, कपाळ घामानं भिजलं. आबा घाबरले. शेजाऱ्याची रिक्षा बोलावली आणि निघताना मला मुठीत घेतलं. दवाखान्यात त्यांनी मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. 

"साहेब, मीच दिल्या. मन्ह्या गोया."

सोनोग्राफीत मुतखडा निघाला. मागेही एकदा झाला होता, पण ते आबांच्या ध्यानातच नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. "गोळ्यांनीच झाला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण यांना काय चालतं, काय नाही, हे आधी तपासायला हवं होतं." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी द्रौपदाबाईंना विचारलं, "आजी, कंबर किती दिवसांपासून दुखते?"

द्रौपदाबाई गोंधळल्या. आधी आबांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"कंबर? ती ते दुखसच," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत प्रज्ञा येऊन पोहोचली. आईच्या उशाशी बसून म्हणाली, "बाबांना रोज विचारलं मी. तुला एकदाही नाही."

खडा औषधानं आणि भरपूर पाण्यानं पडला. मग द्रौपदाबाईंची स्वतःची तपासणी झाली आणि त्यांना सोसेल असं वेगळं औषध मिळालं. कंबर काही पुरती बरी झाली नाही, पण प्रज्ञानं ओटा करून घेतला, आता द्रौपदाबाई उभ्यानं भाकरी करतात. हंडा आबा भरतात, अर्धा अर्धा करून. सकाळी दोघं अंगणात उन्हात बसतात आणि आबा आता मोठ्यानं विचारतात, "आज कशी शे कंबर?"

मित्रांनो, एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका, मायेनंसुद्धा नाही. आणि घरात जी कधीच काही दुखतं म्हणत नाही, तिच्याजवळ आज जरा बसा. तिला विचारा. 'मी बरी आहे' म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.