चंपाबाई उठली नाही

आवडाबाई गेली ती काविळीनं. पोळ्याच्या सुमारास कुणीतरी वापरलेली सुई साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकून दिली आणि पिशवी उचलताना ती आवडाबाईच्या अंगठ्यात घुसली. तिनं अंगठा नळाखाली धरला, पदराला पुसला आणि पुढच्या वॉर्डात गेली. दिवाळीच्या तोंडावर तिचे डोळे पिवळे झाले आणि थंडी सरायच्या आत माणूस गेलं. "त्या सुईतूनच आलं असणार," डॉक्टर म्हणाले. कंत्राटदाराचा मुकादम शिवराज मातीला आला नाही, पण तिच्या जागी दुसरी बाई मात्र त्यानं लगेच लावली.

चंपाबाई आणि आवडाबाई शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटावर सफाईला होत्या. एकाच बसनं यायच्या, जिन्याखाली बसून एकाच डब्यात कालवण खायच्या. ती गेल्यापासून चंपाबाई तिथं एकटीच जेवायची. पिशवी उचलताना आता तिचा हात आधी अंमळ थांबायचा.

म्हणून लसीची बातमी आली तेव्हा सगळ्यात जास्त कान तिनंच टवकारले. नर्स मंजुषा सिस्टरनं वॉर्डात स्वतः सांगितलं होतं. काविळीची ही लस आधी डॉक्टर आणि नर्सपुरतीच होती. आता सरकारनं नियम बदलला. दवाखान्यात ज्याचा ज्याचा रक्ताशी संबंध येतो, त्या सगळ्यांना फुकट.

"आपल्याला बी?" सफाईतल्याच भागूबाईनं विचारलं.

"मग रक्त पुसतं कोण?" सिस्टर म्हणाली.

लसीच्या दिवशी सफाईच्या सगळ्या बाया लवकर आल्या. ओपीडीच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं, त्यावर लसीचा निळा डबा, शेजारी एक खुर्ची. डॉक्टर झाले, नर्स झाल्या, लॅबमधले झाले. चंपाबाईचा नंबर आला तेव्हा कारकून अप्पारावांनी हात आडवा केला.

"तुमचं नाही मावशी. तुम्ही कंत्राटाच्या. तुमच्या कंत्राटदाराला सांगा."

"कंत्राटदार लस देतो व्हय?"

"ते मला नका विचारू. मागच्याला पुढं येऊ द्या."

मागं शिवराज उभाच होता. "चला, चला, कामाला लागा," तो टाळ्या वाजवत म्हणाला. "वॉर्ड तसेच पडलेत. उगं गर्दी करू नका."

बाया मागं सरल्या. त्यांना सवय होती मागं सरायची. चंपाबाईही वळली, दोन पावलं गेली. तेवढ्यात जिन्याखालची ती जागा तिच्या नजरेला पडली. ती परत फिरली आणि खुर्चीत जाऊन बसली. बाही दंडावर सारली.

"टोचा सिस्टर."

"मावशी, उठा," अप्पाराव म्हणाले.

"नाय उठत."

"ऐकू येत नाही का? तुमचं नाव यात बसत नाही."

"सुई टोचली तवा बसत हुतं का आवडाबाईचं नाव? तिला नाय कुणी विचारलं, तू कंत्राटाची का पगाराची."

शिवराज पुढं आला, तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "उद्यापासून गेट बंद होईल, मावशी. विचार करा."

चंपाबाईच्या घरी नवरा सखाराम दम्यानं खाटेला खिळलेला, पोराच्या, संघपालच्या, नोकरीचा अजून पत्ता नाही. तिनं खुर्चीची दांडी घट्ट धरली. "केला विचार," ती म्हणाली. "आज तर गेट उघडं हाय ना?"

तेव्हा भागूबाई पुढं आली आणि खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसली. मग दुसरी, मग सगळ्याच. कुणी घोषणा दिली नाही, कुणी ओरडलं नाही. नुसत्या बसल्या. वरच्या वॉर्डात रक्ताच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या भरून वाहायला लागल्या. ऑपरेशन थिएटरमधून एक निरोप आला, मग दुसरा. पिशवीला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी दवाखान्याचे मोठे साहेब खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला भांडण नको होतं. त्यांनी अप्पारावांचं ऐकून घेतलं, शिवराजचं ऐकलं आणि चंपाबाईजवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, तुमची मैत्रीण गेली, मला माहीत आहे. तुम्हाला देतो आज. सिस्टर, द्या यांना. बाकीच्यांचं मी वर विचारून बघतो."

मंजुषा सिस्टरनं सिरिंज भरली. चंपाबाईनं त्या सुईकडं पाहिलं. एवढी एक घेतली की झालं. उद्या पिशवी उचलताना हात थांबणार नाही. मग तिनं खाली पाहिलं. भागूबाई तिच्याकडं बघत होती आणि मान हलवून घे, घे म्हणत होती.

चंपाबाईनं बाही खाली ओढली.

"पहिली भागूबाईला द्या. मग ह्या सगळ्यांना. मी शेवटची घेईन. आणि तवर इथून हलत नाय."

"मावशी, मला वरून परवानगी लागते."

"मग घ्या साहेब. आम्ही बसलोय."

साहेबांनी मंजुषा सिस्टरकडं पाहिलं. तिनं सिरिंज खाली ठेवली नाही. "सर, परिपत्रकात पगाराचा शब्दच नाही," ती म्हणाली. "रक्ताचा आहे. आणि बाटली मी उघडलीय. आज संपली नाही तर टाकून द्यावी लागेल."

साहेबांनी फोन काढला, बोटानं काहीतरी शोधलं आणि न लावताच खिशात ठेवला. "द्या," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

भागूबाईनं डोळे गच्च मिटून लस घेतली. एक जण रडली, एक हसत सुटली. चंपाबाईनं सगळ्यांत शेवटी घेतली. मग दंड चोळत वर गेली आणि पिशव्या उचलल्या.

शिवराजनं आपला शब्द खरा केला, पण अर्धाच. तिला काढायची त्याची छाती झाली नाही. तिला काढलं तर आम्ही बी कामाला येणार नाय, असं बाकीच्या बायांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्यानं तिला कंत्राटदाराच्या दुसऱ्या कामावर टाकलं. शहराबाहेर, चितेगावच्या पुढं, एका लहानशा दवाखान्यात. दोन बस बदलून जायचं. सखाराम म्हणाला, "काय मिळालं तुला?" तिनं त्याच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या नेला.

लसीचा दुसरा डोस महिन्यानं होता. त्या सकाळी मंजुषा सिस्टर हॉलमध्ये डबा उघडून बसली होती. चंपाबाई दारातून आत आली. अप्पारावांनी तिला पाहिलं आणि कागदांत डोकं घातलं. तिच्या मागं तीन बाया होत्या, अंगावर सफाईचा तोच निळा झगा, पण चेहरे अनोळखी.

"ह्या कोण, मावशी?"

"माझ्या तिकडच्या. सुया ह्या बी उचलतात," चंपाबाई म्हणाली. "त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

सिस्टरनं एकदा अप्पारावांकडं पाहिलं, एकदा त्या तिघींकडं. मग तिनं पायानं खुर्ची पुढं सरकवली.

"बसा," ती पहिलीला म्हणाली. "नाव काय तुमचं?"