शौलचे गुण वाढतच होते

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. उमेदीच्या काळात नाणं टाकल्याशिवाय मी कोणाशी बोलत नसे. आता कोणी टाकत नाही, म्हणून फुकट बोलतो.

इस्रायलमधल्या अश्केलोनमध्ये, कोकणातून तिकडे गेलेल्या अबाजी नवगावकरांच्या सोड्याच्या दुकानात मी उभा असे. माझ्या पडद्यावर आभाळातून शत्रू उतरत आणि पोरं त्यांना पाडत. जिंकणाऱ्याला मी तीन इंग्रजी अक्षरांत नाव लिहू देई. तेवढ्यानं खाली मान घालून आलेली माणसं ताठ होऊन बाहेर पडत.

गेउला कापडाच्या कारखान्यात शिवणकाम करी. ती भावापेक्षा, शौलपेक्षा सरस खेळे. पण जिंकल्यावर नाव त्याचंच लिही.

"तुझं लिही की!" तो म्हणे.

"लो," ती हिब्रूतून नकार देई. "मला कोण ओळखतं?"

मग उत्तरेत लढाई लागली. शौल गेला. परत आली ती त्याची पिशवी.

सुतक संपलं. दुपारी अबाजी डुलक्या काढत, तेव्हा गेउला एकटीच येऊन खेळू लागली. नाव तेच. मेलेल्या शौलचे गुण वाढू लागले.

"तो आत आहे," पोरं कुजबुजत. मला हात लावेनात. पण पाहायला येत आणि सोडा पीत, म्हणून अबाजीही गप्प राहिले. मित्रांनो, माझ्या आत तारा होत्या आणि एक मेलेलं झुरळ. तरी काचेत गेउलाचा चेहरा उमटे, अगदी भावासारखा, तेव्हा तो आत नाही, अशी मलाही खात्री वाटेना.

एके दिवशी गेउला आणि शौलची आई, मलकाबाई, आली.

"काल एवढे गुण नव्हते, म्हणतात पोरं," मलकाबाई म्हणाल्या. "अबाजी, माझा पोरगा येतो काय इथं?"

अबाजी बाटल्या पुसत राहिले. मलकाबाई खुर्ची ओढून वाट बघत बसल्या. त्या दिवशी बसल्या, दुसऱ्या दिवशीही. डब्यात शौलच्या आवडीचे घावन.

तिसऱ्या दिवशी गेउला भरदुपारी सगळ्यांसमोर आली. "आई, बघ." ती खेळली. शौलच्याही वर गेली. बोटं थांबली.

"लिही ना शौलचं नाव," आई म्हणाली.

गेउलानं स्वतःची तीन अक्षरं लिहिली.

"म्हणजे तूच होतीस?"

"मीच, आई. पहिल्यापासून."

"मग तो येत नाही?"

"नाही."

दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, देववचनांच्या नळीला, स्पर्श करून बोटं ओठांना लावतात, तशी मलकाबाईंनी शौलच्या नावाला बोटं लावली. मग वरच्या नावालाही. "चांगलं खेळतेस गं," त्या म्हणाल्या, आणि डबा तिच्या हातात दिला.

आता मी गोदामात आहे. वायर उंदरांनी खाल्ली. पण ती नावं इतके दिवस पेटती राहिली की काचेवर त्यांचे डाग उमटलेत. वीज नसतानाही दिसतात. म्हणून, मित्रांनो, माझी धूळ पुसाल तेव्हा काच जरा हळू पुसा. दोघं आहेत तिथे.