सात-सात शतांशांचा उतार

मंगळवार, १७ मार्च २०१५, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. गॅरेजच्या टेबलावर, पांढऱ्या कागदावर, सोल्डरच्या मऊ तारेचे दोन चपटे तुकडे ठेवलेले होते आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन व्याही उभे होते. खुर्च्याही दोन होत्या, पण मुलीच्या वडिलांनी या गॅरेजात बसायचं नाही असं वर्षभरापूर्वीच ठरवलं होतं, आणि पाहुणा उभा असताना आपण बसलो तर हार मानल्यासारखं दिसेल म्हणून गॅरेजचे मालकही उभेच होते.

मुलीचे वडील तंत्रनिकेतनात शिकलेले. तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढून आता ते घराखालच्या खोलीत स्वतःचं मिलिंग मशीन चालवत. केसाची जाडी विचारली तरी ते आधी कोणाच्या केसाची ते विचारत; म्हणून व्याह्यांनी पहिल्याच भेटीत त्यांचं नाव मायक्रॉनसाहेब ठेवलं होतं. तेव्हा त्या नावात चेष्टा होती. आता त्यात विष होतं.

गॅरेजचे मालक असलेल्या व्याह्यांना सगळे अण्णा म्हणत. शाळेचं तोंड त्यांनी फार पाहिलं नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगत. त्यांची सून, म्हणजे साहेबांची एकुलती एक लेक, शर्यतीची गाडी चालवायची. मागच्या वर्षी भर वळणावर तिच्या इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी, फुटलं, पाणी चाकांखाली गेलं आणि गाडी उलटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते सांधलं. त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात साहेब अण्णांना जे बोलले, ते मात्र सांधलं नाही.

शर्यत सोड किंवा निदान हे गॅरेज सोड म्हटलं, तर लेक ऐकणारी नव्हती. तेव्हा साहेबांनी दोन अटी घातल्या: ब्लॉकचा वरचा माथा माझ्याच मशीनवर तासला जाईल, आणि मी मोजल्याशिवाय हेड कायमचं बसणार नाही. शर्यत रविवारी होती.

कागदावरचे तुकडे पहिल्या सिलिंडरचे होते. पिस्टनवर तार ठेवायची, गॅस्केट घालून हेड आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं. पिस्टन वर येऊन तार चेपतो. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे पिस्टन आणि हेड यांच्यात उरलेली फट. ही फट मिलिमीटरच्या नव्वद शतांशांच्या खाली गेली, तर पूर्ण वेगात पिस्टन हेडवर आपटण्याचा धोका. पहिल्या सिलिंडरमध्ये ती बरोबर एक मिलिमीटर होती.

अण्णांच्या दृष्टीनं विषय संपला होता. गॅस्केट एक पूर्णांक वीस मिलिमीटर जाडीचं, फट भरपूर, दाब उत्तम. साहेबांना एक पूर्णांक चाळीसचं हवं होतं. त्यानं दाब उतरून इंजिन बोथट होईल, असं अण्णांनी सुनावलं. गाडी शर्यतीत न्यायची आहे, वाचनालयात नाही. उरलेल्या तीन सिलिंडरचे तुकडे कुठे आहेत, एवढंच साहेबांनी विचारलं.

अण्णा हसले, पण दात न दाखवता.

"मोजले नाहीत. ब्लॉकचा माथा तुमच्या हातचा आहे ना? मग एक मोजला काय आणि चार मोजले काय."

साहेबांना हा टोमणा वाटला. याच आळसानं माझ्या पोरीचं हाड मोडलं, असं ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. अण्णांच्या हातातला पाना टेबलावर जरा जोरात ठेवला गेला. तेवढ्यात लेक आत आली. तिनं दोघांकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाली की बाबा तार ठेवतील, अण्णा बोल्ट आवळतील, इंजिन ती स्वतः फिरवेल. ज्याला भांडायचं असेल त्यानं बाहेर जाऊन भांडावं.

तासभर तिथं फक्त पान्याची टकटक ऐकू येत होती. हेड निघालं. साहेबांनी मायक्रोमीटर हातात घेतला आणि आकडे मोठ्यानं वाचले. दुसरा सिलिंडर त्र्याण्णव शतांश. तिसरा शहाऐंशी. चौथा एकोणऐंशी.

एकोणऐंशी. साहेबांना लेकीची काळजी वाटली, हे खरं; पण त्याच्या आधी त्यांना आनंद झाला होता, हेही खरं. आता हिला दुसरं गॅरेज शोधावं लागेल. अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. पिस्टन ढकलणारे चारही कनेक्टिंग रॉड मोजून घेतले होते, वहीत लिहिलंय, असं ते पुटपुटत होते. त्यांनी वही काढून पानं उलटली.

"माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल," ते सुनेला म्हणाले.

सासऱ्यांकडे तिनं जशी संशयाची नजर टाकली, तशी मागच्या वर्षी इस्पितळातही टाकली नव्हती.

साहेब आकडे कागदावर लिहून घेत होते. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. लिहिता लिहिता पेन थांबलं. दर वेळी सात. रॉड लहानमोठे असते तर आकड्यांनी कशाही उड्या मारल्या असत्या. ही पायरी सारखी होती. म्हणजे उतार होता, आणि उतार रॉडला नसतो, माथ्याला असतो.

ब्लॉक तासला त्या सकाळी अण्णांचा फोन आला होता. साहेब, मूर्ती घडवताय का, कधी देताय? साहेब संतापले होते. त्याच संतापात त्यांनी ब्लॉक मशीनवर आवळला. खालचा ठोकळा पुसला होता का, की कीस अडकून ब्लॉक तिरका बसला? आठवेना. तासल्यावर पट्टी लावून माथा सपाट आहे हे पाहिलं. खालच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, अक्षाशी समांतर आहे का, हे पाहिलंच नाही. सपाट आणि समांतर यांतला फरक त्यांनी टूलरूममध्ये नव्या माणसांना उभं करून विचारला होता.

गप्प बसणं सोपं होतं. कोणालाच कळलं नसतं.

"रॉड बरोबर आहेत," साहेब म्हणाले. "माथा तिरका आहे. चूक माझी आहे."

अण्णांनी वही मिटली. खिशात ठेवली. चौथ्या सिलिंडरचा चपटा तुकडा उचलून तोही त्याच खिशात टाकला.

"मागच्या वर्षी जिन्यात तुम्ही मला खुनी म्हणालात."

"म्हणालो."

"आज मी तुम्हाला काय म्हणू, साहेब? शब्द तुम्हीच सुचवा. तुम्ही शिकलेले."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांचे गुडघे दुखत होते, पण कारण ते नव्हतं. लेकीनं वडिलांच्या हातातला कागद काढून घेतला आणि विचारलं, माथा सरळ करायला आणखी किती तासावा लागेल, आणि मग कुठलं गॅस्केट? साहेबांनी हिशेब केला. माथा चौथ्या सिलिंडरच्या पातळीवर आणायचा, वर दोन शतांश आणखी. गॅस्केट एक पूर्णांक चाळीसचं.

"म्हणजे शेवटी तुमच्याच मनासारखं झालं," अण्णा म्हणाले. "मुहूर्त मात्र तुमच्याच चुकीनं आला."

बुधवारी अण्णा साहेबांच्या खोलीत आले. त्यांना पाणी विचारलं गेलं. त्यांनी नको म्हटलं. ठोकळे स्वतःच्या रुमालानं पुसले, ब्लॉकखाली हात घालून बघितलं, आणि तासून झाल्यावर उंचीतला बारीक फरक दाखवणारा डायल गेज साहेबांच्या हातून घेऊन चारही कोपरे तीन-तीनदा मोजले. साहेब आपल्याच मशीनपाशी परक्यासारखे उभे राहिले. शाबास म्हणण्याजोगं काम होतं. अण्णा म्हणाले नाहीत, आणि साहेबांनीही तशी अपेक्षा केली नाही.

शुक्रवारी पुन्हा तार ठेवली. या वेळी आठही तुकडे एकदम, मोजणारे अण्णा, लिहून घेणारे साहेब. त्यानंतरच हेड कायमचं आवळलं.

रविवारी गाडी सव्वीस गाड्यांत अकरावी आली. लेक दोन्ही पायांवर चालत घरी परतली. दोघे व्याही अजूनही एकमेकांशी तिच्यामार्फतच बोलतात, आणि तो तुकडा अजून अण्णांच्याच खिशात आहे.

चारही सिलिंडरमधली फट: ०.९७ मिलिमीटर.